भट्टीचा आकडा कुणाचा?

धातुउद्योगातल्या डिजिटल बदलांवरची चर्चा परिसंवादात असो, कामगार संघटनेच्या सभेत असो की व्यवस्थापनाच्या बैठकीत, ती शेवटी एकाच मुद्द्यावर येऊन अडते: माणसं किती लागणार? एका बाजूला उत्साही मंडळी. त्यांच्या मते सेन्सर, कॅमेरे आणि एआय बसवले की भट्टी जवळपास आपोआप चालेल, रिजेक्शन नाहीसं होईल, आणि जो कारखाना आज हे करणार नाही तो उद्या बंद पडेल. दुसऱ्या बाजूला धास्तावलेली मंडळी. त्यांना यात फक्त पोटावर आलेला पाय दिसतो. स्मार्ट कारखाना म्हणजे बिनमाणसांचा कारखाना, हे त्यांचं समीकरण. दोघंही तंत्रज्ञानाला एक तयार, वरून उतरणारी वस्तू समजतात आणि ती आल्यावर काय होईल यावर भांडतात. ती कुठल्या रूपात आणायची आणि ते रूप कुणी ठरवायचं, हा प्रश्न मात्र तसाच राहतो.

माझी भूमिका सुरुवातीलाच सांगतो. पोलाद, ॲल्युमिनियम, तांबं, ओतकाम या सगळ्यांत डिजिटल मोजमाप आणि नियंत्रण यायलाच हवं, आणि जितक्या लवकर येईल तितकं बरं. पण भट्टीवर मोजला गेलेला आकडा भट्टीवरच्या माणसाला दिसला पाहिजे. तो चुकीचा वाटला तर तसं म्हणण्याचा आणि नोंदवण्याचा त्याला हक्क हवा. त्याच्या अनुभवातून जे नियम संगणकात उतरतात, त्यांतला त्याचा वाटा मान्य झाला पाहिजे. ही अट मी दयाबुद्धीने घालत नाही. ती पाळली नाही तर धातूच्या कामात हे तंत्रज्ञान नीट चालतच नाही, असं माझं म्हणणं आहे.

मोजमापाचं मोल धातूवाल्यांना कुणी नव्याने शिकवायची गरज नाही. त्यांनी ते फार महाग किंमत देऊन शिकलेलं आहे. १८५६ साली हेन्री बेसेमरने वितळलेल्या बिडातून हवा फुंकून पोलाद करण्याची पद्धत जाहीर केली. कारखानदारांनी तिचे परवाने घेतले आणि त्यांच्या हाती ठिसूळ, तडकणारं पोलाद आलं. बेसेमरने प्रयोगासाठी वापरलेल्या बिडात फॉस्फरस अगदी कमी होता. इतरांच्या बिडात तो भरपूर होता. पद्धत तीच, हवा तीच, पण आत शिरलेला माल कसा आहे याची नीट तपासणी नाही, म्हणून पैसा बुडाला. फॉस्फरसवरचा उपाय सिडनी थॉमस आणि त्याचा मामेभाऊ पर्सी गिलख्रिस्ट यांनी १८७० च्या दशकाच्या शेवटी शोधला, म्हणजे तब्बल वीस वर्षांनी. शिवाय बेसेमरच्या कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे ज्या भांड्यात पोलाद होई त्यात, हवा फुंकण्याचं काम वीसेक मिनिटांत संपायचं आणि नेमकं कोणत्या क्षणी थांबायचं हे तोंडाशी उठणाऱ्या ज्वाळेवरून ओळखायचं असायचं. १८६३ च्या सुमारास हेन्री रॉस्को या रसायनज्ञाने त्या ज्वाळेचा वर्णपट तपासून हा क्षण ओळखता येतो का ते पाहिलं. भट्टीवर सेन्सर लावण्याची कल्पना इतकी जुनी आहे.

यापुढचा भाग मला अधिक बोलका वाटतो. बेसेमरची स्पर्धक म्हणून आलेली सीमेन्स-मार्टिन भट्टी, म्हणजे ओपन हार्थ, कमालीची संथ होती; एका हीटला, म्हणजे भट्टीतून एका वेळी निघणाऱ्या घाण्याला, आठ-दहा तास सहज लागायचे. वेगाच्या हिशेबाने ती हरायला हवी होती. प्रत्यक्षात १९०८ साली अमेरिकेत ओपन हार्थ पोलादाचं उत्पादन बेसेमर पोलादाच्या पुढे गेलं. त्याला कारणं अनेक होती: तिच्यात भंगार वापरता यायचं, पोलादात नायट्रोजन कमी राहायचा. पण एक मोठं कारण असं की या संथपणामुळे मध्येच नमुना काढून तपासता येत होता आणि चूक वेळेत सुधारता येत होती. वीस मिनिटांच्या जुगारापेक्षा आठ तासांची तपासता येणारी प्रक्रिया उद्योगाने पसंत केली. १९५२ साली ऑस्ट्रियातल्या लिंझ इथे शुद्ध ऑक्सिजन फुंकणारी कन्व्हर्टर भट्टी सुरू झाली आणि वेग परत आला. ती जगभर पसरली तेव्हा सोबतीला जलद रासायनिक विश्लेषण आणि पुढे संगणकही होते. वेग आणि तपासणी यांची फारकत झाली की धातू बिघडतो, हे या शंभर वर्षांचं सार मानायला हरकत नसावी.

म्हणून ‘डिजिटल म्हणजे नुसता देखावा’ म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. ॲल्युमिनियमचंच घ्या. साधारण ९६० अंश सेल्सिअसच्या क्रायोलाइट या वितळलेल्या क्षाराच्या द्रावात ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, विरघळवून त्यातून वीज सोडली जाते. सेलमधलं, म्हणजे या विजेच्या भांड्यातलं, ॲल्युमिना कमी पडलं की चार-साडेचार व्होल्टवर चालणाऱ्या सेलचं व्होल्टेज एकदम तीसच्या वर जाऊ शकतं आणि कार्बनच्या ॲनोडवर परफ्लुओरोकार्बन वायू तयार होऊ लागतात. त्यांपैकी कार्बन टेट्राफ्लुओराइड वातावरणात हजारो वर्षं टिकून राहतो. पूर्वी वरचं कवच फोडून एकदम मोठा घाणा टाकत. प्रमाण साधलं तर साधलं. संगणकाने प्रत्येक सेलचा विद्युत रोध सतत पाहायला आणि थोडं थोडं ॲल्युमिना मोजून सोडायला सुरुवात केली, तशा या घटना झपाट्याने कमी झाल्या आणि १९९० नंतर दर टन धातूमागे निघणारे हे वायू कितीतरी पटींनी घटले. शेकडो सेलच्या रांगेतल्या प्रत्येक सेलकडे दर काही सेकंदांनी पाहणं हे माणसाचं काम नव्हतंच.

कंटिन्युअस कास्टिंगमध्येही, म्हणजे पोलाद साच्यातून सलग ओतत घट्ट करत नेण्यातही, तेच. पाण्याने थंड केलेल्या तांब्याच्या साच्यातून पोलाद उतरतं तेव्हा बाहेर जेमतेम काही मिलिमीटरांचं घट्ट कवच असतं आणि आत सगळा रस. कवच साच्याला चिकटून फाटलं की खाली पंधराशे अंशांचा रस फुटतो. साच्याच्या भिंतीत बसवलेली थर्मोकपलं, म्हणजे तापमान मोजणारे सेन्सर, ही चिकटण्याची खूण आधी पकडतात आणि कास्टिंगचा वेग आपोआप कमी होतो. त्या कवचाला पुन्हा धरायला वेळ मिळतो. खाली काम करणाऱ्या माणसाचा जीव या काही सेकंदांवर अवलंबून असतो. त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनी तरी अशा यंत्रणेला विरोध करू नये.

जुन्या कारागिरीचं जे गुणगान होतं, त्यालाही एक मर्यादा आहे, आणि उत्साही मंडळींचा सर्वांत बळकट मुद्दा मला हाच वाटतो. रंगावरून तापमान ओळखणारा उस्ताद खराच असतो. पण त्याचा अंदाज सकाळच्या उजेडात आणि रात्रपाळीच्या थकव्यात सारखा नसतो. तो आजारी पडला की पाळीच आजारी पडते. वाळू मुठीत दाबून ओलावा सांगणाऱ्याचं ज्ञान त्याच्याबरोबर निवृत्त होतं. कित्येकदा हे ज्ञान जाणूनबुजून झाकूनही ठेवलं जातं, आपल्या गोतावळ्याबाहेर जाऊ दिलं जात नाही. १८८० च्या दशकात हेन्री ल शातेलिएने प्लॅटिनम आणि ऱ्होडियमचं विश्वासार्ह थर्मोकपल दिलं तेव्हा उस्तादांची मक्तेदारी काही अंशी मोडली आणि नवख्या माणसालाही तापमान नेमकं सांगता येऊ लागलं. ज्ञान सगळ्यांच्या हाती येणं हीसुद्धा न्यायाचीच बाजू आहे. ती नाकारून ‘हाताचा गुण’ म्हणत बसणं म्हणजे धूर, उष्णता आणि मनमानी यांनाच परंपरा म्हणणं.

नोकऱ्यांचाही मुद्दा टाळून चालणार नाही. ऑस्ट्रियातल्याच डोनाविट्झ इथे व्होएस्टआल्पिने कंपनीने २०१७ मध्ये उद्घाटन केलेल्या वायर रॉड मिलमध्ये, म्हणजे पोलादाच्या जाड तारा लाटणाऱ्या कारखान्यात, वर्षाला सुमारे पाच लाख टन उत्पादन प्रत्यक्ष चालवायला चौदा माणसं पुरतात, असं तेव्हा सांगितलं गेलं. १९६० च्या दशकात एवढ्या कामाला हजारभर लागली असती. वाहतूक, साठवण वगैरे कामांची माणसं या चौदात धरलेली नाहीत, हे खरं. ती धरली तरी घट प्रचंडच आहे. ‘डिजिटलमुळे नोकऱ्या जात नाहीत, फक्त बदलतात’ असं सांगणारे अशा मिलसमोर उभं राहून ते म्हणू शकतील का? रोलिंग मिलमधून बाहेर पडलेला पन्नाशीचा माणूस डेटा विश्लेषक होत नाही. त्याच्या पुढच्या वर्षांची सोय हा करार, प्रशिक्षण, निवृत्तिवेतन यांचा प्रश्न आहे आणि तो यंत्र बसवण्याआधी सुटायला हवा, नंतर नाही.

पण इथेच थांबलं तर वाद पुन्हा डोकी मोजण्यावर येतो. त्या चौदा जणांचं काय? पडद्यावर लाल दिवा लागला की ठरलेलं बटण दाबणारे ते चौदा जण आहेत, की दिवा का लागला हे समजून नियम बदलू शकणारे चौदा जण आहेत? उत्पादन दोन्हीकडे आज सारखंच दिसेल. फरक कळतो तो मालाची प्रत बदलली, सेन्सर झिजला किंवा पूर्वी कधीच न घडलेलं काही घडलं, त्या दिवशी.

हा प्रश्न नवा नाही. फ्रेडरिक टेलर हे नाव आज घड्याळ घेऊन कामगारांच्या मागे लागणारा माणूस म्हणून आठवलं जातं. पण त्याचं सर्वांत खोल काम धातुकर्तनावरचं होतं. १८८० च्या सुमारास मिडव्हेल पोलाद कारखान्यात त्याने सुरू केलेले प्रयोग सव्वीस वर्षं चालले. तीस ते पन्नास हजार प्रयोगांत आठ लाख पौंडांहून अधिक लोखंड-पोलादाचा चुरा झाला. लेथवर काम करताना कापाची खोली, फीड, वेग, हत्याराचा आकार, धातूचा कठीणपणा अशा डझनभर गोष्टींचा मेळ कसा घालायचा, हे कार्ल बार्थ या त्याच्या सहकाऱ्याने स्लाइड रूलवर बसवलं. मशीनिस्टच्या बोटांत असलेलं ज्ञान एका पट्टीवर उतरलं. आजच्या मशीन लर्निंगच्या मॉडेलचा हा पूर्वजच. विज्ञान म्हणून काम उत्तम होतं, आणि त्यातूनच हायस्पीड स्टीलची, म्हणजे वेगाने कापतानाही धार टिकवणाऱ्या पोलादाची, हत्यारं आली. पण पट्टी गेली नियोजन खात्यात. मशीनिस्टला मिळाली ती सूचनांची चिठ्ठी.

हीच पद्धत ओतकामात नेली तेव्हा काय झालं? ऑगस्ट १९११ मध्ये अमेरिकेतल्या वॉटरटाउन शस्त्रागाराच्या फाउंड्रीत मोल्डर कामगारांनी स्टॉपवॉचविरुद्ध काम बंद केलं. वेळ मोजणाऱ्या तज्ज्ञाला साचा बनवण्याचं काम येत नव्हतं. एका कामाला त्याने चोवीस मिनिटं ठरवली. त्याच्या नकळत कामगारांच्या बाजूने मोजली गेलेली वेळ पन्नास मिनिटं होती. प्रकरण अमेरिकन काँग्रेसच्या चौकशीपर्यंत गेलं आणि पुढे लष्करी कारखान्यांत स्टॉपवॉच वापरण्यावर निर्बंध आले. मोल्डरांचा मोजण्याला विरोध नव्हता, हे यात लक्षात घ्यायला हवं. त्यांच्या बाजूनेही मोजलंच होतं. त्यांचा विरोध एकतर्फी मोजण्याला होता. दोन आकडे समोरासमोर ठेवण्याची जागाच त्या व्यवस्थेत नव्हती, म्हणून हत्यार खाली ठेवावं लागलं.

दुसरं उदाहरण थेट आजच्या डिजिटल यंत्रांच्या मुळाशी जातं. दुसऱ्या महायुद्धानंतर मशीन टूल स्वयंचलित करण्याचे दोन मार्ग समोर होते. एका मार्गात कसबी मशीनिस्ट पहिला नग स्वतः कापायचा, त्याच्या हालचाली चुंबकीय फितीवर नोंदल्या जायच्या आणि पुढचे नग यंत्र त्या फितीवरून काढायचं. जनरल इलेक्ट्रिकने अशी यंत्रणा करून दाखवली होती. दुसरा मार्ग न्यूमेरिकल कंट्रोलचा. हेलिकॉप्टरच्या पात्यांचं काम करणाऱ्या जॉन पार्सन्सच्या कल्पनेतून निघालेला, अमेरिकन हवाई दलाच्या पैशावर वाढलेला, आणि १९५२ मध्ये एमआयटीत दाखवला गेलेला. त्यात भागाचं गणित ऑफिसात व्हायचं, प्रोग्राम तिथेच लिहिला जायचा आणि यंत्रापाशी फक्त छिद्रं पाडलेली फीत यायची. दुसरा मार्ग जिंकला. अवघड वक्राकार भागांसाठी तो तांत्रिकदृष्ट्या वरचढ होता, हे मान्यच. माणसाच्या हाताला न जमणारी वळणं त्यातून काढता येत होती. पण साध्यासुध्या कामांसाठीही पहिला मार्ग फारसा आजमावला गेला नाही, आणि त्यामागे पैसा कुणाचा आणि ताबा कुणाकडे हा विचार मोठा होता. पुढे १९७० च्या दशकात यंत्रावरच छोटा संगणक बसला, ऑपरेटरला प्रोग्राम जागेवर दुरुस्त करणं शक्य झालं, आणि ही यंत्रं लहान वर्कशॉपांतही पोहोचली. म्हणजे एकच तंत्रज्ञान, पण दुरुस्तीचा हक्क कुठे ठेवला त्यावरून त्याचं रूप आणि पसारा बदलला. तंत्रज्ञान येणार की नाही यावर घसा कोरडा करणाऱ्यांनी एवढा इतिहास पाहिला तरी त्यांचा प्रश्न बदलेल.

आता मुख्य आक्षेप. कुणी म्हणेल, हे सगळं मानवतावादी म्हणून ठीक आहे, पण आजची मॉडेलं माणसाला विचारत नाहीत. ती थेट आकड्यांतून शिकतात. तेव्हा भट्टीवरच्या माणसाच्या हक्काचा कार्यक्षमतेशी संबंध काय? संबंध असा की धातूच्या कारखान्यातले आकडे आपोआप पडत नाहीत. मोठ्या झोतभट्टीच्या आत कुणी डोकावू शकत नाही. जे कळतं ते भिंतीतल्या थर्मोकपलांवरून, वर निघणाऱ्या वायूवरून आणि खाली काढलेल्या रसातल्या सिलिकॉनवरून. आज घातलेल्या मालाचा परिणाम काही तासांनी दिसतो. त्या काही तासांत फर्नेसवरच्या माणसांनी काय काय केलं, हवा का कमी केली, कोकची थप्पी का वाढवली, हे कुठे लिहिलेलं असतं? बहुतेक वेळा नसतंच. मॉडेलला दिसतं की तापमान घसरत होतं आणि मग सावरलं. सावरलं कुणी, कशाची शंका येऊन, हे दिसत नाही. अनुभवी माणसाने वेळेत हस्तक्षेप केल्यामुळे जी अरिष्टं घडलीच नाहीत, ती नोंदीत अरिष्टं म्हणून येत नाहीत. अशा नोंदींवर शिकलेलं मॉडेल त्या माणसाला काढून टाकल्यावर कसं वागेल?

फाउंड्रीत ही अडचण आणखी ठळक होते. कास्टिंगमधला दोष ओतताना दिसत नाही. तो फेटलिंग (ओतलेला नग साफ) करताना, मशीनिंग करताना, कधी ग्राहकाकडे गेल्यावर उघड होतो. ब्लोहोल, म्हणजे वायूने पडलेली पोकळी, निघालं; आता ते वाळूतल्या ओलाव्यामुळे, कोअरमधल्या (आतली पोकळी घडवणाऱ्या वाळूच्या गाभ्यातल्या) वायूमुळे, रस थंड ओतल्यामुळे की व्हेंट (वायू बाहेर जाण्याची वाट) बुजल्यामुळे? हे सांगायचं तर तो नेमका नग कोणत्या हीटचा, कोणत्या साच्यातला, किती वाजता, किती तापमानाला ओतलेला, हे माहीत हवं. ज्या ठिकाणी कास्टिंगवर हीट नंबरसुद्धा धड उमटत नाही, तिथे एआयचा करार करणं म्हणजे कागदी घोडे नाचवणं आहे. आणि हा दुवा जोडणारे हात कुणाचे? ओतणाऱ्याचे, साचा लावणाऱ्याचे, तपासनिसाचे. लॅडलमधला, म्हणजे रस ओतायच्या भांड्यातला, रस गार झाला होता हे ओतणाऱ्याने खरं लिहावं, अशी अपेक्षा असेल तर ते लिहिल्याने त्याचाच इन्सेंटिव्ह कापला जाणार नाही, याची हमी लागते. जिथे प्रत्येक आकडा शिक्षेसाठी वापरला जातो, तिथे सगळे आकडे मर्यादेत येतात. सगळ्या हीटचं तापमान वर्षभर सुंदर एकसारखं दिसतं आणि रिजेक्शन मात्र हलत नाही.

भंगाराच्या यार्डातही असंच आहे. आर्क फर्नेसमध्ये, म्हणजे विजेवर भंगार वितळवणाऱ्या भट्टीत, जाणाऱ्या भंगारात तांब्याच्या तारा, मोटारी मिसळलेल्या असतील तर ते तांबं पोलादात उतरतं आणि पोलाद करण्याच्या नेहमीच्या प्रक्रियेत ते काढता येत नाही; पुढे गरम रोलिंगमध्ये पृष्ठभाग चिरतो. कॅमेरे भंगाराची वर्गवारी करू लागले आहेत आणि त्यांचा उपयोगही होतो. पण ढिगाच्या पोटात काय आहे हे कॅमेऱ्याला दिसत नाही. क्रेनवाल्याला कोणता पुरवठादार काय दडवतो हे ठाऊक असतं. त्याची शंका नोंदवायला पडद्यावर एक रकाना तरी असतो का?

यावर उलट युक्तिवाद येतो आणि तो वजनदार आहे: माणसं खोटं लिहितात म्हणूनच तर मोजमाप माणसाच्या हातातून काढून घ्यायचं. उदाहरणंही आहेत. २०१७ मध्ये जपानच्या कोबे स्टीलने कबूल केलं की ॲल्युमिनियम, तांबं, पोलाद यांच्या मालाची माहिती वर्षानुवर्षं फिरवली जात होती; पाचशेहून अधिक ग्राहकांपर्यंत तो माल गेला होता. नासाची ओसीओ आणि ग्लोरी ही उपग्रह उड्डाणं २००९ आणि २०११ मध्ये अपयशी ठरली, कारण रॉकेटच्या टोकावरचं आवरण सुटलं नाही. नासाने २०१९ मध्ये निष्कर्ष जाहीर केला की सापा या कंपनीकडून आलेल्या ॲल्युमिनियम एक्स्ट्रूजनच्या (साच्यातून दाबून काढलेल्या भागांच्या) चाचण्यांचे अहवाल खोटे होते आणि हा प्रकार एकोणीस वर्षं चालला होता. नुकसान सत्तर कोटी डॉलरहून अधिक. अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांसाठी कास्टिंग पुरवणाऱ्या टकोमा इथल्या ब्रॅडकेन फाउंड्रीत तर १९८५ पासून तीन दशकं ताकद आणि चिवटपणाच्या चाचण्यांचे आकडे बदलले जात होते.

यंत्राने घेतलेली, पुसता न येणारी नोंद असती तर हे प्रकार अवघड झाले असते, हे मी पूर्ण मान्य करतो. चाचणी यंत्राचा आकडा थेट सर्टिफिकेटवर जाणं ही डिजिटल बदलातली सर्वांत कमी चमकदार आणि सर्वांत गरजेची गोष्ट आहे. पण ही फसवणूक करत कोण होतं? लॅडल धरणारा नव्हे. ब्रॅडकेनमध्ये आकडे बदलणारी व्यक्ती धातुविज्ञान विभागाची प्रमुख होती, आणि २०१७ मध्ये चाचणीच्या कार्डांत खाडाखोड झाल्याचं प्रयोगशाळेतल्याच एका कर्मचाऱ्याच्या लक्षात आलं, तेव्हा ती उघडकीस आली. मूळ कार्ड पाहायला मिळत नसतं, फक्त वरून आलेला हिरवा दिवा दिसत असता, तर त्या कर्मचाऱ्याच्या काय लक्षात येणार होतं? आकडा माणसाच्या हातातून काढून वरच्या मजल्यावर नेला की खोटं थांबत नाही. फक्त खोटं करू शकणारे आणि ते ओळखू शकणारे वेगवेगळ्या मजल्यांवर जातात.

मालकांच्या बाजूचाही एक रास्त मुद्दा आहे. प्रक्रियेचे आकडे हे व्यापारी गुपित असतं आणि ते सगळ्यांना खुलं केलं तर स्पर्धकाकडे जाईल. बरोबर आहे. पण मी जगाला दाखवायला सांगत नाही. ज्याच्या हातून हीट निघते त्याला त्याच्याच हीटची माहिती दाखवायला सांगतो. उलट, हीच माहिती यंत्रपुरवठादाराच्या दूरच्या सर्व्हरवर विनातक्रार जाते, त्याचं मॉडेल त्यावर शिकतं, आणि तेच मॉडेल शेजारच्या कारखान्याला विकलं जातं. गुपिताची एवढी काळजी असेल तर पुरवठादाराच्या कराराकडे आधी बघायला हवं.

आणि मग सुरक्षिततेचा प्रश्न. जर्मनीच्या माहिती सुरक्षा कार्यालयाने २०१४ च्या अहवालात नाव न घेता एका पोलाद कारखान्याची हकीकत दिली. फसव्या ईमेलमधून ऑफिसच्या जाळ्यात शिरलेले हल्लेखोर तिथून नियंत्रण यंत्रणेपर्यंत पोहोचले, भट्टी रीतसर बंद करता आली नाही आणि मोठी हानी झाली. १९ मार्च २०१९ रोजी नॉर्स्क हायड्रो या ॲल्युमिनियम कंपनीचे संगणक लॉकरगोगा नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने कुलूपबंद केले. चाळीस देशांतल्या पस्तीस हजार कर्मचाऱ्यांच्या या कंपनीने खंडणी दिली नाही. अनेक ठिकाणी काम हाताने आणि कागदावर चालवलं. ऑर्डर छापून ठेवलेल्या होत्या, जुन्या पद्धती माहीत असलेली माणसं होती, म्हणून ते जमलं. याच्या आधारे ‘बघा, संगणकच नको’ म्हणणारे चूक करतात. हाताने चालवताना उत्पादन घटलं आणि नुकसान कोट्यवधींत गेलं. पण ज्यांनी सगळं ज्ञान सर्व्हरवर आणि माणसं बाहेर ठेवली आहेत, त्यांच्याकडे अशा दिवशी घटलेलंही उत्पादन उरणार नाही. हाताने भट्टी चालवण्याचा सराव आगीच्या कवायतीसारखा ठरलेल्या तारखांना झाला पाहिजे. ती तारीख उत्पादनाच्या नियोजनात धरलेली नसेल तर कवायत होत नाही.

लहान फाउंड्र्यांना हे परवडणार कसं, असा प्रश्न येतोच. युरोपीय संघाच्या कार्बन सीमा यंत्रणेत ऑक्टोबर २०२३ पासून लोखंड, पोलाद आणि ॲल्युमिनियमच्या आयातीमागच्या उत्सर्जनाची माहिती मागायला सुरुवात झाली. तेव्हा मोजण्याची सक्ती आता बाहेरूनही येते आहे. इथे मला महागड्या प्लॅटफॉर्मची घाई अनाठायी वाटते. ओतण्याचं तापमान, वाळूची कॉम्पॅक्टेबिलिटी (ती किती दाबली जाते), प्रत्येक हीटला लागलेली वीज, आणि नगावर वाचता येणारा क्रमांक, एवढं खरंखुरं वर्षभर साठलं तर पुढचं गणित कुणीही करू शकतं. ते साठलेलं नसेल तर कितीही मोठा प्लॅटफॉर्म आणा, त्याला खायला काही नाही.

हे करारात उतरवायचं तर कुठून सुरुवात करायची? मी निवृत्तीला आलेल्या मेल्टरपासून, म्हणजे भट्टीत धातू वितळवणाऱ्या कामगारापासून, करेन. आज अनेक ठिकाणी अशा माणसाच्या शेवटच्या वर्षात त्याच्यासमोर एक तरुण इंजिनिअर लॅपटॉप घेऊन बसतो, ‘तुम्ही हे कसं ओळखता?’ विचारतो, आणि उत्तरं नियम म्हणून यंत्रणेत जातात. हे काम पाळी सांभाळून, फुकटात होतं. ते कामाचे तास म्हणून धरून त्याचा वेगळा मोबदला द्यावा. नियमापुढे सांगणाऱ्याचं नाव राहावं, म्हणजे पुढच्या माणसाला तो कोणत्या भट्टीवर, कोणत्या मालासाठी सांगितला गेला हे कळेल. आणि नियम पहिल्यांदा फसेल तेव्हा पाळीवरच्या ऑपरेटरला तो थांबवून कारण लिहिता यावं. ते कारण पुढच्या आवृत्तीत विचारात घेतलं की नाही, याचं लेखी उत्तर त्याला मिळावं. कामगार संघटनांनी किती जागा वाचल्या याच्या जोडीला ही तीन कलमं मागावीत, आणि व्यवस्थापनाने पुरवठादाराच्या निविदेत ती आधीच घालावीत.